प्रवाळभित्ती : मालवणपासून आंग्रिया बँकेपर्यंत

दिल्लीच्या चांदणी चौकाजवळ दरीबा कलान नावाची जवाहिऱ्यांची जुनी गल्ली आहे. तेथील एखाद्या पेढीवर तांबड्या पोवळ्यांची माळ सहज दृष्टीस पडते. नवरत्नांपैकी सात रत्ने जमिनीतून मिळतात. मोती आणि पोवळे ही दोन मात्र समुद्रातील प्राण्यांपासून होतात. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या ह्या नगराचा प्रवाळांशी संबंध एवढाच, असे कोणालाही वाटेल. परंतु कोकणच्या किनाऱ्यापासून शंभर किलोमीटर आत, अरबी समुद्राच्या पाण्याखाली, प्रवाळांची एक विस्तीर्ण वसाहत आहे आणि तिच्या रक्षणाचा निर्णय दिल्लीतच व्हावयाचा आहे. तो येथेच का व्हावयाचा, हे समजण्यासाठी प्रथम प्रवाळ म्हणजे काय आणि तो कोठे व कसा जगतो, हे पाहिले पाहिजे.

प्रवाळ हा प्राणी आहे

प्रवाळांना फांद्या असतात, ते एका जागी रुजलेले असतात आणि त्यांवर फुलांसारखे काहीतरी उमललेले दिसते. त्यामुळे पुष्कळ काळ विद्वानसुद्धा त्यांना वनस्पतीच समजत. ही फुले म्हणजे प्राणी होत, हे फ्रेंच वैद्य पेसोनेल ह्यांनी 1720 च्या दशकात केलेल्या निरीक्षणांवरून दाखविले. पण ते मान्य होण्यास बराच अवधी लागला.

प्रवाळाच्या एकेका प्राण्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप काही मिलिमीटर रुंदीचेच असतात. त्याचे शरीर एखाद्या लहानशा पिशवीसारखे असून तिला वरच्या बाजूस एकच तोंड असते. अन्न त्याच तोंडाने आत जाते आणि निरुपयोगी भाग त्याच वाटेने बाहेर टाकला जातो. तोंडाभोवती संस्पर्शकांचे, म्हणजे मऊ सोंडांचे, कडे असते. त्या सोंडांवर दंशकोशिका असतात. पाण्यातून वाहत येणारा एखादा सूक्ष्म जीव सोंडेला लागला, की त्याला दंश होऊन तो बधिर होतो व पॉलिपचे भक्ष्य बनतो. जेलीफिश आणि समुद्रपुष्प हे प्रवाळाचे जवळचे आप्त होत.

ह्या मऊ प्राण्याचे वैशिष्ट्य असे, की तो समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम घेऊन आपल्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीची, एक वाटी बांधतो. पॉलिपला कळ्या फुटून त्यांचे नवे पॉलिप होतात. तेही आपापल्या वाट्या बांधतात. जुन्या वाट्यांवर नव्या वाट्या चढत जातात. अशा रीतीने हजारो पॉलिपांची एक वसाहत तयार होते. वसाहतीचा जिवंत भाग म्हणजे वरचा पातळ थर तेवढा. खालचा सारा दगड हा मागील पिढ्यांचा ठेवा असतो. गोलाकार प्रवाळांची वाढ वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरांपेक्षा अधिक नसते आणि पुष्कळदा ती काही मिलिमीटरच असते. शाखायुक्त प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात. म्हणून माणसाच्या उंचीचा एखादा प्रवाळगोल दिसला, तर त्याचे वय शतकांत मोजावे लागते.

जवाहिऱ्याकडील तांबडे पोवळे मात्र ह्या मंडळीत बसत नाही. ते भूमध्य समुद्रातील एका वेगळ्या कुळातील प्रवाळाचा सांगाडा असून, तो प्रवाळ अंधुक उजेडाच्या जागी, कपारींतून आणि खोल पाण्यात वाढतो. तो भित्ती बांधीत नाही. भित्ती बांधणारे प्रवाळ प्रकाशाचे भुकेले असतात.

करून पाहा : काचेच्या पेल्यात अंड्याच्या टरफलाचा तुकडा ठेवून त्यावर व्हिनेगर ओता. थोड्याच वेळात तुकड्यावर बुडबुडे जमू लागतील. टरफलातील कॅल्शियम कार्बोनेटवर आम्लाची क्रिया होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो, त्याचे हे बुडबुडे होत. प्रवाळाचा सांगाडा ह्याच पदार्थाचा असतो. हा प्रयोग ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

प्रकाशावर जगणारा प्राणी

उष्ण कटिबंधातील निळा, नितळ समुद्र डोळ्यांना सुखवितो. परंतु पाणी नितळ असते, ह्याचाच अर्थ त्यात तरंगणारे सूक्ष्म अन्न थोडे असते. अशा ओसाड पाण्यात जीवांची एवढी दाट वस्ती कशी नांदते, हे एक कोडेच होते. त्याचे उत्तर पॉलिपच्या शरीराच्या आत सापडले.

पॉलिपच्या ऊतकांत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवले राहतात. एका चौरस सेंटिमीटर ऊतकात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असू शकते. ही शैवले सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शर्करा व इतर पोषक द्रव्ये तयार करतात आणि त्यांतील फार मोठा वाटा पॉलिपला देतात. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा ह्या मार्गाने मिळू शकते. उलट पॉलिप शैवलांना सुरक्षित निवारा देतो, आणि त्याच्या श्वसनातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड व मलद्रव्यांतील नायट्रोजन त्यांना खत म्हणून उपयोगी पडतो. जे एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अन्न, असा हा व्यवहार आहे. प्रवाळाचे पिवळे-तपकिरी रंगही बहुतांशी ह्या शैवलांचेच असतात. भित्ती उभी राहण्याइतकी चुनखडी वेगाने जमते, तीही शैवलांनी पुरविलेल्या ऊर्जेच्या जोरावर.

प्रवाळाचे जीवन ह्या भागीदारीवर अवलंबून असल्यामुळे त्याच्या गरजा नेमक्या ठरलेल्या आहेत. प्रकाश पोचेल इतपत उथळ पाणी त्याला हवे. पन्नास मीटरांपलीकडे भित्ती बांधणारे प्रवाळ झपाट्याने विरळ होत जातात. पाणी उबदार हवे. फार काळ 18 अंश सेल्सियसच्या खाली उतरणारे पाणी बहुतेक जातींना मानवत नाही. ते खारट हवे आणि मुख्य म्हणजे स्वच्छ हवे. गाळ आला, की एकीकडून प्रकाश अडतो आणि दुसरीकडून पॉलिपच्या तोंडावर मातीचे पांघरूण पडते.

करून पाहा : दोन उंच काचपात्रे घ्या. एकात नळाचे पाणी भरा आणि दुसऱ्यात पावसाळ्यात गढूळ झालेल्या यमुनेचे किंवा जवळच्या कोणत्याही नदीचे. दोन्ही पात्रांखाली छापील कागद ठेवून वरून वाचून पाहा. गढूळ पात्राच्या तळाची अक्षरे दिसेनाशी होतात, तशीच गढूळ समुद्राच्या तळाशी असलेल्या शैवलांना सूर्याची किरणे मिळेनाशी होतात.

भित्तींचे प्रकार

किनाऱ्याला लागून असलेल्या प्रवाळांच्या बांधकामास अनुतट भित्ती म्हणतात. किनारा आणि भित्ती ह्यांच्यामध्ये रुंद व खोल पाणी असेल, तर ती रोधक भित्ती होय. मध्ये बेट मुळीच नसून कड्याच्या आकाराच्या भित्तीने उथळ सरोवर वेढलेले असेल, तर त्यास कंकणद्वीप म्हणतात.

ह्या तिन्ही प्रकारांची संगती चार्ल्स डार्विन ह्यांनी 1842 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लावली. समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखी बेटाभोवती प्रथम अनुतट भित्ती होते. पुढे बेट हळूहळू खचू लागते; प्रवाळ मात्र प्रकाशाच्या ओढीने तितक्याच गतीने वर बांधीत जातात. त्यामुळे बेट व भित्ती ह्यांत अंतर पडून ती रोधक भित्ती बनते आणि अखेर बेट बुडाले, की कंकणद्वीप शिल्लक राहते. हे अनुमान खरे असेल, तर कंकणद्वीपाखाली फार जाड चुनखडी आणि तिच्या तळाशी ज्वालामुखीचा खडक सापडावयास हवा. 1952 मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटॉक कंकणद्वीपावर खोल वेध घेण्यात आला, तेव्हा 1,200 मीटरांहून अधिक चुनखडी ओलांडल्यावर तसा खडक लागला. डार्विननंतर सव्वाशे वर्षे होण्याच्या आतच त्यांच्या तर्काला असा पुरावा मिळाला.

भारतात प्रवाळभित्तींचे चार प्रमुख प्रदेश आहेत : कच्छचे आखात, मन्नारचे आखात व पाल्कचा उपसागर, अंदमान-निकोबार बेटे आणि लक्षद्वीप. ह्यांपैकी लक्षद्वीप हा कंकणद्वीपांचा समूह असून त्याची सारी भूमी सुमारे 32 चौरस किलोमीटर आहे. ती भूमी प्रवाळांच्या वाळूचीच बनलेली आहे. ह्या चार प्रदेशांच्या यादीत महाराष्ट्राचे नाव नाही. मग आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ नाहीतच काय?

कोकणात प्रवाळ विरळ का?

प्रवाळ आहेत, पण विखुरलेले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. कासिम व डॉ. वफर ह्या शास्त्रज्ञांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद 1979 मध्ये प्रसिद्ध केली. ही संस्था 1 जानेवारी 1966 रोजी दिल्लीतच स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेत भारताने घेतलेल्या भागातून तिचा उगम झाला आणि पुढे ती गोव्यास, समुद्राच्या सन्निध, नेण्यात आली.

महाराष्ट्रातील प्रवाळांचे सर्वांत परिचित स्थान म्हणजे मालवण. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम आरंभिले. त्या किल्ल्याच्या भोवतीच्या बुडालेल्या खडकांवर आज प्रवाळांच्या वसाहती आढळतात. मात्र त्यांस भित्ती म्हणणे शास्त्रदृष्ट्या काटेकोर होणार नाही. ह्या खडकांना धरून राहिलेल्या सुट्या वसाहती आहेत.

ह्याचे कारण सह्याद्रीत आणि मोसमी पावसात आहे. जून ते सप्टेंबर ह्या काळात कोकणावर धो धो पाऊस कोसळतो. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या आखूड व वेगवान असल्याने सारे पाणी आणि त्याबरोबरची माती काही तासांतच खाड्यांतून समुद्रात येते. किनाऱ्यालगतचा समुद्र महिनोन्महिने गढूळ राहतो आणि त्याचा खारटपणाही घटतो. अशा स्थितीत नाजूक शाखांचे प्रवाळ तग धरीत नाहीत. पोराइटीझ आणि टर्बिनॅरिया ह्यांसारखे, थोडाफार गाळ सहन करणारे चिवट प्रवाळच तेथे टिकून आहेत.

ह्यावरून एक अनुमान सहज निघते. किनाऱ्यापासून पुरेसे दूर, जेथे नद्यांचा गाळ पोचत नाही, अशा ठिकाणी जर समुद्राचा तळ प्रकाशाच्या आवाक्याइतका वर आलेला असेल, तर तेथे प्रवाळ भरभराटीस आले पाहिजेत. असे ठिकाण खरोखरीच आहे.

आंग्रिया बँक

विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे 105 किलोमीटरांवर पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे. त्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे 40 किलोमीटर व रुंदी सुमारे 15 किलोमीटर आहे. नौकानयनाच्या भाषेत समुद्रतळावरील अशा उंचवट्यास ‘बँक’ म्हणतात. पैशांच्या पेढीशी त्याचा संबंध नाही. ‘आंग्रिया’ हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांच्या आडनावाचे इंग्रजी रूप होय. ज्या आंग्र्यांच्या नावाने इंग्रज व पोर्तुगीज जहाजे धास्तावत, त्यांचे नाव ह्या पठाराला मिळाले आणि सागरी नकाशांत ते कायम झाले.

पठाराचा सर्वांत उथळ भाग पाण्याखाली सुमारे 20 मीटरांवर आहे. म्हणजे तेथे पाण्यावर डोकावणारे काहीच नाही. वरून जाणाऱ्या नावेला चोहोकडे नुसता समुद्र दिसेल. परंतु पाणी नितळ असल्यामुळे 20 मीटरांच्या तळापर्यंत सूर्यप्रकाश पोचतो आणि त्या प्रकाशात प्रवाळ वाढतात. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे 120 मीटर खाली होती. त्या काळी हे पठार कोरड्या जमिनीवरील टेकडीसारखे उभे असले पाहिजे. हिम वितळून समुद्र चढला तसे ते बुडाले आणि प्रवाळांना बैठक मिळाली.

भित्तीवरील वस्ती

जगातील सर्व प्रवाळभित्तींचे क्षेत्र एकत्र केले, तरी ते समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी भरेल. असे असूनही समुद्रातील ज्ञात जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींचा आयुष्यात कधी ना कधी ह्या भित्तींशी संबंध येतो. भित्तीत असंख्य कपारी, बोगदे आणि छज्जे असतात. प्रत्येक आकाराच्या जीवाला तेथे आपल्यापुरते घर सापडते, हे ह्याचे मुख्य कारण.

ह्या वस्तीत प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. पोपट मासा आपल्या चोचीसारख्या दातांनी खडकावरील शैवल खरवडून खातो. त्याबरोबर पोटात गेलेली चुनखडी बारीक वाळू होऊन बाहेर पडते. प्रवाळद्वीपांच्या पुळणींवरील पांढऱ्या वाळूचा मोठा भाग अशा रीतीने तयार झालेला असतो. शैवल खाणारे मासे व समुद्री साळी नसतील, तर शैवल माजून कोवळ्या प्रवाळांना जागाच उरणार नाही. फुलपाखरू मासे पॉलिप टिपून खातात. विदूषक मासा समुद्रपुष्पाच्या विषारी सोंडांत निर्धास्तपणे राहतो. काही लहान मासे मोठ्या माशांच्या अंगावरील परोपजीवी किडे वेचून खातात. तेवढा वेळ मोठा मासा आ वासून स्वस्थ थांबतो व सफाई करणाऱ्यास गिळीत नाही.

मालवणच्या बाजारात येणारे हेकरू, तांबोशी आणि शेवंड हे खडकाळ व प्रवाळी तळाच्या आश्रयाने राहणारे जीव होत. पुष्कळ मासे लहानपणी भित्तीच्या कपारींत वाढतात आणि मोठे झाल्यावर बाहेर पडतात. म्हणून प्रवाळवसाहत नष्ट झाली, तर तिच्याबरोबर मच्छीमाराच्या जाळ्यात येणाऱ्या माशांची पाळणाघरेही नष्ट होतात.

भागीदारी तुटते तेव्हा

पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल मर्यादेपेक्षा सुमारे एक अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर पॉलिप आणि शैवल ह्यांची भागीदारी बिघडते. पॉलिप शैवलांना बाहेर टाकतो. त्याचे ऊतक पारदर्शक असल्यामुळे आतील पांढरा सांगाडा दिसू लागतो. ह्यास विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मेलेला नसतो. तो उपाशी असतो. पाणी लौकर निवले, तर शैवले पुन्हा वाढून तो सावरतो. उष्मा लांबला, तर तो मरतो आणि त्याच्या सांगाड्यावर शैवलाचे जाळे पसरते.

1998 मध्ये एल निनोच्या प्रभावाने जगभर असे विरंजन झाले आणि लक्षद्वीपच्या भित्तींची अतोनात हानी झाली. 2010 मध्ये व पुन्हा 2016 च्या सुमारास तोच अनुभव आला. एप्रिल 2024 मध्ये चौथे जागतिक विरंजन चालू असल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळ पुन्हा पांढरे पडले. मालवणच्या प्रवाळांतही विरंजन आढळले आहे. दोन आघातांमधील अवकाश कमी होत चालला आहे, ही खरी चिंता होय. ज्या प्राण्याची वाढ वर्षाला सेंटिमीटरांत मोजावी लागते, त्याला सावरावयास दहा-पंधरा वर्षे तरी हवी असतात.

दुसरे संकट रासायनिक आहे. कोळसा व तेल जाळून हवेत सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश समुद्र शोषून घेतो. त्यामुळे पाण्याचा अल्कधर्म किंचित घटतो व सांगाड्यास लागणारे कार्बोनेट कमी पडू लागते. समुद्र काही पेल्यातील व्हिनेगरसारखा आम्ल होत नाही. परंतु प्रवाळाला प्रत्येक वाटी बांधण्यास अधिक श्रम पडू लागतात.

मनुष्याच्या प्रत्यक्ष हातून होणारी हानीही थोडी नाही. मन्नारच्या आखातात पूर्वी चुन्यासाठी प्रवाळ खणून नेत. तेथील एकवीस बेटांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली. लाटा थोपविणारी भित्ती खणल्याचा त्यात मोठा वाटा मानला जातो. मालवणास समुद्रतळ पाहावयास येणाऱ्या पर्यटकांनी प्रवाळांवर पाय ठेवणे आणि नावांचे नांगर त्यांवर टाकणे, हे आजचे दुखणे आहे.

रक्षण कोणी करावे?

भारतातील भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मालवणचे सागरी अभयारण्य त्यापूर्वीच, 1987 मध्ये, जाहीर झाले. त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर आहे. परंतु स्थानिक मच्छीमारांच्या मनात आरंभापासून धास्ती होती, की समुद्र राखण्याच्या नावाखाली आपली रोजी जाईल. ही धास्ती अनाठायी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. ज्यांचे जीवन प्रवाळांवर अवलंबून आहे, त्यांना वगळून प्रवाळांचे रक्षण होत नाही.

आंग्रिया बँकेचा प्रश्न निराळा आहे. राज्याचा मासेमारीवरील अधिकार किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत चालतो. आंग्रिया बँक त्याच्या कितीतरी पलीकडे, परंतु दोनशे सागरी मैलांच्या भारतीय अनन्य आर्थिक क्षेत्रात आहे. 1976 च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्यानुसार त्या क्षेत्रातील एखादा भाग ‘निर्दिष्ट क्षेत्र’ म्हणून घोषित करण्याचा अधिकार केंद्र शासनाचा आहे. महाराष्ट्राच्या राज्य वन्यजीव मंडळाने 2020 मध्ये तसा प्रस्ताव केंद्राकडे पाठविण्यास संमती दिली. मालवणला अभयारण्य करणे मुंबईहून शक्य झाले. आंग्रिया बँकेसाठी मात्र दिल्लीतूनच घोषणा व्हावी लागते.

वर तापलेल्या समुद्रावर घोषणेचा काही इलाज नाही, हे खरे. तरीही ज्या प्रवाळांना गाळ, नांगर आणि बेसुमार मासेमारी ह्यांचा जाच नसतो, ते उष्म्याच्या आघातातून अधिक लवकर सावरण्याचा संभव असतो. शिवाय प्रवाळांची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे प्लॅन्युला डिंभ, प्रवाहाबरोबर तरंगत जाऊन दूरच्या खडकांवर रुजतात. एक निरोगी भित्ती राखली, तर ती इतर ठिकाणांची बियाणे-कोठी ठरू शकते.

पेल्यात टरफल टाकणाऱ्या विद्यार्थ्याने ती भित्ती बहुधा कधी पाहिली नसेल. किनाऱ्यावरूनही ती दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या वस्तूची हानी फार काळ कोणाच्या ध्यानात येत नाही. विजयदुर्गाच्या तटावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, तर रिकामे क्षितिज दिसते. त्या क्षितिजापलीकडे, वीस मीटर पाण्याखाली, प्रकाशाच्या आधाराने एक वस्ती चुनखडीची वाटी वाटीवर रचीत आहे. तिच्यासाठी घोषणा कोणी करावयाची, हे कायद्याने सांगितले आहे. ती व्हावी म्हणून मागणी करणे मात्र दिल्लीच्या वाचकालाही तितकेच शक्य आहे.